चोळायचं नाही

नोएडातल्या त्या खासगी रुग्णालयात देवयानीने स्पिरिटची बाटली ट्रेमध्ये परत ठेवली आणि सिस्टर विजयालक्ष्मींना हळू आवाजात नकार दिला. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने वॉर्डच्या इन्चार्जला नकार देणे, म्हणजे नव्या सुनेने भरल्या पंगतीत सासूच्या आमटीला नावे ठेवणे.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धाची कंबरेखालची कातडी लाल झाली होती. तिथे स्पिरिट लावून खसाखसा चोळावे, वर पावडर टाकावी, असा सिस्टरांचा हुकूम होता; स्वतः शिकत होत्या तेव्हापासून त्या हेच करीत आल्या होत्या. पण लाल जागी चोळल्याने आतली इजा वाढते, रोग्याला वेळच्या वेळी कुशीवर वळवणे हाच उपाय, हे देवयानी शिकली होती. शिकवले होते अरुणा मॅडमनी. पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा हा त्यांचा विषय. "सिस्टर म्हणाल्या, हे कारण होत नाही," असे त्या वर्गाला बजावीत. "वॉर्डात कोणी अडवलं, तर माझं नाव सांगा."

देवयानीने ते नाव सांगितले. तेवढ्यात वृद्धाच्या मुलानेही कुरकुर केली, "ये लड़की बस करवट दिलाती है, सेवा नहीं करती." प्रकरण मेट्रनच्या खोलीत गेले, आणि कॉलेजातून अरुणा मॅडमना बोलावणे धाडले गेले.

मॅडम आत आल्या तेव्हा देवयानीचा जीव भांड्यात पडला.

"ये आपने सिखाया है?" मेट्रननी विचारले.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नहीं मैम. बच्ची है, नेट पर कुछ पढ़ लिया होगा."

देवयानीने त्याच वॉर्डात ड्यूटीला असल्याने बोलावलेल्या रुचिराकडे पाहिले. रुचिरा तिच्याच बाकावर बसणारी, त्या तासाला सर्वांत जोरात मान डोलावणारी. ती आता स्वतःच्या बुटांकडे पाहत होती.

निर्णय झाला: लेखी माफी द्यावी, नाहीतर या वॉर्डातली हजेरी रद्द, म्हणजे वर्ष वाया.

बाहेर व्हरांड्यात येताच मॅडम मराठीत बोलू लागल्या. "रागावलीस? अगं, तू म्हणतेस ते बिल्कुल खरं आहे. पण वॉर्ड त्यांचा. उद्या त्यांनी दार लावलं, तर बाकीच्या मुली शिकणार कुठं? प्लास्टिकच्या पुतळ्यांवर?"

"मग तुमचं नाव सांगायला कशाला सांगितलंत?"

"वर्गात बोलायच्या गोष्टी असतात यार! चार ओळी लिहून टाक. आणि रविवारी घरी ये, अळूवड्या करतेय."

मॅडमचा युक्तिवाद लंगडा नव्हता, हे देवयानीला कळत होते. एका मुलीच्या वर्षापेक्षा साऱ्या वर्गाचा वॉर्ड मोठा, असेल. मॅडम घाबरल्या, हेही तिने पोटात घातले असते. पण जे त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून शिकवले, त्याला त्यांनी एका वाक्यात पोरीचा पोरखेळ ठरवले होते. भीतीपोटी गप्प बसणे वेगळे आणि भीतीपोटी दुसऱ्याला खोटे पाडणे वेगळे.

वॉर्डाच्या काचेपलीकडे सिस्टर विजयालक्ष्मी त्या वृद्धाची ती लाल जागा चोळीत होत्या. सुखावून त्याने डोळे मिटले होते. मुलगा हात जोडून उभा होता.

मॅडमनी पेन पुढे केले.

"मी लिहिणार नाही."

"वेडी आहेस का? तुझ्या आईला मी काय सांगू?"

"खरं ते सांगा," देवयानी म्हणाली. "घरी मेट्रन नसतात."

मॅडमनी पेन पर्समध्ये टाकले आणि लिफ्टचे बटण दाबले. दार उघडले तेव्हा रुचिरा त्यांच्यामागून आत शिरली. देवयानी जिन्याने उतरली.