मीठ मागू नये

दिनानाथने मीठ मागायला हात वर केला आणि सुनीतीने तो मनगटाला धरून खाली घेतला.

“अगं, यात मीठ नाहीये.”

“असू दे.”

“असू दे काय? सुतळी चावल्यासारखं लागतंय.”

“असू दे म्हटलं ना. खा गुपचूप.”

दिनानाथ बायकोकडे बघतच राहिला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तर वाशीच्या उडप्याच्या गल्ल्यापर्यंत कप घेऊन जाणारी बाई ही. सोळा वर्षांच्या संसारात तिने एकाही हॉटेलवाल्याला सोडलं नव्हतं. आज मात्र ती ताटलीत मान घालून ते अळणी नूडल्स घासामागून घास गिळत होती. पंखा डोक्यावर होता तरी तिच्या कपाळाला घाम होता.

मनाली पहिलीत पहिली आली, म्हणून हा सगळा घाट. वर्गातल्या निम्म्या पोरांनी चायनीज खाल्लं, मीच नाही, हे तिचं गाऱ्हाणं वर्षभर चालू होतं. जुईनगर स्टेशनच्या पलीकडे, गावातल्या धर्मराजने आपल्या घराखालच्या गाळ्यात ‘न्यू हाँगकाँग’ काढलं होतं. चार टेबलं, दोन लाल कंदील आणि भिंतीवर एक ड्रॅगन, जो रंगाऱ्याने मगर समोर ठेवून काढला असावा. रविवारची दुपार, दीड वाजलेला, तरी त्यांच्याखेरीज आत चिटपाखरू नव्हतं. ते का, हे पहिल्या घासातच कळलं.

“बसा बसा,” धर्मराज म्हणाला होता. “आचारी बोटीवरचा हाय आपला. असा नूडल तुमाला मुंबईत नाय भेटनार.” मग ताटल्या मांडून तो गल्ल्यावर गेला आणि तोंडासमोर पेपर धरून बसला.

दिसायला जेवण देखणं होतं, ते नाकारून चालणार नाही. कोबी केसासारखा बारीक चिरलेला, नूडल्सचा धागा न् धागा सुटा, वाफेला मोठ्या जाळाचा खमंग वास. जिभेवर ठेवलं की काहीच नाही. सूपही तसंच. टेबलावर व्हिनेगरमधल्या मिरच्या होत्या आणि सोया सॉसची बाटली होती, पण तिच्यात धर्मराजने इतकं पाणी घातलं होतं की रंग तेवढा चढायचा. मिठाची डबी कुठल्याच टेबलावर दिसत नव्हती.

सुनीतीची नजर पुन्हा पुन्हा स्वयंपाकघराकडे जात होती. ताटल्या बाहेर सरकवायला भिंतीत हातभर खिडकी ठेवली होती. तिच्यातून आचाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होता नुसता डावा हात, कढईचा कान धरलेला. कढई उडवताना तो हात लांब व्हायचा आणि कोपर मध्येच अडून बाहेरच्या अंगाला वळायचं. सरळ ते एकदाही झालं नाही.

असं कोपर तिने एकाच माणसाचं पाहिलं होतं. सितारामदादा दहा वर्षांचा असताना फणसावरून पडला आणि गावच्या हाडवैद्याने त्याचं कोपर वाकडंच बसवलं. तोच हात घेऊन चौऱ्याहत्तर साली तो बोटीवर चढला, तिथल्या आचाऱ्याच्या हाताखाली. दोन वर्षं सिंगापूरहून, हाँगकाँगहून पत्रं आली. मग ती बंद झाली ती कायमची.

आईने बारा वर्षं वाट पाहिली, आणि आणखी बारा पाहिली असती. घाई सुनीतीला होती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस उजवत नव्हती. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. गावच्या भटजींनी पत्रिका पाहून सांगितलं, तुमच्या घरातला एक जीव अधांतरी आहे, त्याला मार्गी लावा, मग दुसरा येईल. आई नको नको म्हणत होती. सुनीती अन्नपाणी सोडून बसली. शेवटी वैशाख अमावास्येला खाडीकाठी पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि त्याला अग्नी दिला. बेपत्ता माणसाला असाच निरोप देतात. दहा महिन्यांनी मनाली झाली. भटजींचं खरं झालं, आणि खरं झालं म्हणूनच सुनीतीला त्यानंतर कधी धड झोप लागली नाही.

आता ते कोपर खिडकीत हलत होतं आणि समोरचं जेवण अळणी होतं.

भुतांच्या पंगतीत काय नसतं, हे कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा. मीठ नसतं. आई सांगायची, रानात अवेळी पंगत बसलेली दिसली आणि कुणी आग्रह करून पान वाढलं, तर घाबरायचं नाही, फक्त मीठ मागायचं. मागितलं की वाढपी, पानं, समया, सगळं जागच्या जागी नाहीसं होतं. लहानपणी ही गोष्ट ऐकून सुनीतीला सुटल्यासारखं वाटायचं. आज तिला सुटका नको होती. भूत तर भूत, पण तो हात अजून थोडा वेळ दिसू दे, एवढंच ती देवाकडे मागत होती. म्हणून तर तिने नवऱ्याचा हात धरला.

नवऱ्याचा हात धरता येतो. पोरीचं तोंड कोण धरणार?

“काका, मीठ द्या ना,” मनाली खुर्चीवर उभी राहून खिडकीकडे बघत म्हणाली. “बिलकूल मीठ नाहीये.”

स्वयंपाकघरातला जाळ बंद झाला. इतका वेळ तो घोंघावत होता, हे तो थांबल्यावर कळलं. खिडकीतला हात गेला. मागे धुराने काळी झालेली भिंत तेवढी उरली. गल्ल्यावरचा पेपर हलला नाही.

“बघ,” दिनानाथ म्हणाला, “मागितलं की मिळतं.”

पण कुणी आलं नाही. मिनिटभर गेलं, की पाच मिनिटं, सुनीतीला सांगता आलं नसतं. दुसऱ्यांदा घालवला मी त्याला, असं तिच्या मनात आलं आणि तिला हुंदका फुटणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा सरला.

आचारी बाहेर आला. हातात वाटी होती. सुनीतीने त्याच्या तोंडाच्या आधी पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते. रबरी चपला, टाचांना भेगा. केस पार पांढरे झाले होते, गाल बसले होते, पण आईची हनुवटी तशीच होती.

त्याने वाटी टेबलावर ठेवली, कुणाच्या हातात दिली नाही. मीठ हातात देत नाहीत. सुनीतीकडे त्याने पाहिलंच नाही.

“किती घालू, ते तूच सांग,” तो मनालीला म्हणाला. “मला मिठाचं कळत नाही.”

“आचारी असून?” दिनानाथला हसू आलं.

“पूर्वी कळायचं, साहेब. बोटीवर कुणी माझ्या जेवणाला नाव ठेवलं नाही कधी. सात वर्षांपूर्वी एका दुपारी सूप चाखलं, तर चवच नाही. चिमटी घातली, मूठ घातली. मग नुसतं मीठ तोंडात टाकलं, तर माती. गोड कळतं, तिखट कळतं. मीठ तेवढं गेलं. डॉक्टर झाले, त्यांना काही सापडेना.”

“कधी?” सुनीतीने विचारलं. “सात वर्षांपूर्वी कधी?”

“मे महिन्यात. अमावास्या होती. मोठ्या भरतीवर बोट बंदरात घेत होते, म्हणून लक्षात राहिलं.”

तो मीठ भुरभुरवत होता. “अजून,” मनाली म्हणाली. “अजून. बास.” तिने काट्याने ढवळलं आणि मोठा घास घेतला. “आता मस्त झालं.”

“दादा,” सुनीती म्हणाली.

“नको.” तो अजूनही मनालीकडेच बघत होता. “नाव नको घेऊस, सुनीती. पोर समोर आहे.”

दिनानाथचा काटा हवेतच राहिला.

“मी घरी गेलो होतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “ही पाळण्यात होती तेव्हा. आईने दारातच अडवलं. म्हणाली, तू गेलास म्हणून ती आली; आता तू आलास तर ती जाईल. तांब्याभर पाणी दिलं आणि परत पाठवलं. तिचं काही चुकलं नाही. मीही तसंच केलं असतं.”

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटपर्यंत तिने दादाच्या फोटोला हार घालू दिला नव्हता, आणि सुनीती तिला म्हणायची, किती वेडी माया करशील.

मुकाट्याने उठून जाता आलं असतं. तो तेच सुचवत होता. वाटी उचलून निघालाच होता. उद्या, परवा, कधीही हा रस्ता टाळला की झालं असतं. सुनीतीला मुलीच्या जिवाची भीती वाटत होती आणि भावासमोर लाज वाटत होती. त्याची पाठ वळलेली पाहिली तशी लाज वरचढ झाली.

“मनू,” ती म्हणाली, “हा तुझा मामा. सिताराममामा. माझा सख्खा भाऊ.”

तो जागीच थांबला. वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आणि मग तिघंही मोठी माणसं मनालीकडे बघू लागली. मांजर आडवं गेलं म्हणून जन्मात पाऊल न थांबवलेला दिनानाथही श्वास रोखून बघत होता. सुनीतीने पोरीचं मनगट घट्ट पकडलं होतं. बोटांखाली तिची नाडी चालत होती, आणि सुनीती ती चुकते की काय, म्हणून तिकडे कान लावून बसली होती.

मनालीने ओठांबाहेर लोंबणारे नूडल्स सुर्रकन ओढून घेतले. आळीपाळीने तिघांकडे पाहिलं.

“आई, हात सोड ना,” ती म्हणाली. “खाता येत नाहीये मला.”

सुनीतीने सोडला नाही.