घुबडपट्टी

"इतकं गुळगुळीत नको, रेफुहिओ! घुबडाला तिथे गाडी नाही लावायची," प्रिसिला खालून ओरडली.

आपांनी, माझ्या वडिलांनी, फावडं थांबवलं. "सवय आहे, बाई. जन्मभर लोकांनी सपाट करायचेच पैसे दिले मला."

"मग आजपासून बिघडवायला शिका."

प्रिसिला पक्ष्यांची अभ्यासक. वयाने माझ्याएवढी, पण माझ्या वडिलांना खुशाल दरडावायची आणि त्यांना ते आवडायचं. फेब्रुवारीतला गुरुवार होता. मला सुट्टी होती, आपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून सान हासिंतोच्या माळावर त्यांना मीच गाडीने घेऊन आले होते.

निवृत्त होईपर्यंत आपा ग्रेडर चालवत. घरं उठण्याआधी जमीन सपाट करतं ते यंत्र. आमच्या काउंटीत प्रत्येक नव्या घरामागे बिल्डरला एक शुल्क भरावं लागतं. त्या पैशांतून न बांधलेली जमीन विकत घ्यायची आणि जनावरांसाठी तशीच राखायची. आपांचा मालक त्याला घुबडपट्टी म्हणायचा. इथली घुबडं झाडावर नाही, जमिनीतल्या बिळांत राहतात. काम सुरू होण्याआधी त्यांना बिळाबाहेर काढावं लागतं. हा माळ त्या घुबडपट्टीतूनच घेतलेला. इथे आपा आता घुबडांसाठी बिळं करत होते. जमिनीत पुरलेली एक पेटी, तिच्यापर्यंत जाणारा वाकडा पाइप, वर मातीचं टेकाड.

त्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या साइटवर, बिळं बुजवल्यानंतर, घुबडाची एक जोडी दिवसभर कुंपणावर बसून होती. आपा ग्रेडर पुढे-मागे नेत होते आणि ती दोघं मान फिरवून बघत होती. "ओरडली असती तर बरं वाटलं असतं," एवढंच ते घरी येऊन म्हणाले होते. नंतर त्यांनी स्वतःच प्रिसिलाला शोधून काढलं. दर भेटीत पहिला प्रश्न ठरलेला, "आलं का कुणी?" दोन वर्षं उत्तरही ठरलेलं होतं.

दुपारी टेकाड पुरं झालं. आपांनी खिशातून संत्रं काढलं आणि मी लगेच हसले.

मी लहान असताना ते संध्याकाळी मला तयार झालेल्या जमिनीवर न्यायचे. पाण्याच्या टँकरने भिजवलेल्या धुळीचा वास यायचा. आसपास तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या. ते माझ्या हातात संत्रं द्यायचे, मी ते जमिनीवर ठेवायचे आणि दोघंही वाकून बघायचो.

"हललं?"

"नाही, आपा."

"कसं झालंय मग?"

"हललं नाही म्हणाले ना!"

"चला घरी."

पुढे तिथे घरं व्हायची, अंगणं, पोहण्याचे तलाव. रविवारी गाडीतून जाताना आपा घरांकडे बघत नसत. "त्यांच्या खालचं माझं," म्हणायचे. खालचं कुणाला दिसत नाही.

त्या गुरुवारी त्यांनी संत्रं टेकाडाच्या माथ्यावर ठेवलं. ते घरंगळलं, उड्या मारत वाळक्या गवतात गडप झालं. आपा इतके हसले की फावड्याला टेकून उभे राहिले.

"बघ पोरी, पहिल्यांदाच! कसं झालंय?"

"संत्रं गेलं, आपा. आता खाणार काय?"

"तुझ्या आईची बोलणी."

घरी आईने बुटांवरची माती बघून छातीवर क्रुसाची खूण केली. "जेवताना त्या पक्ष्याचं नाव काढायचं नाही. छपरावर बसून माणसाला बोलावतो तो."

"माझं घुबड कामात आहे, ओफेलिया. त्याला बोलवायला वेळ नाही," आपा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक तोर्तिया घेतली.

रविवारी सकाळी ते अंगणात खुर्चीवर बसले होते. आईने कॉफी नेली तेव्हा गेलेले होते.

"शेवटी नेलंच त्याने," आई म्हणाली. महिनाभर तेवढंच म्हणत होती.

एप्रिलमध्ये प्रिसिलाचा फोन आला. "एलोइसा, ये." एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

आई म्हणाली, मी येणार नाही. मग शाल घेऊन गाडीत येऊन बसली. माळावर पोहोचल्यावर काचा वर करून आतच राहिली. मी आणि प्रिसिला चालत गेलो.

आपांच्या टेकाडावर घुबड उभं होतं, भर उन्हात. लांब पाय, मातकट अंग. आम्हाला बघून ते दोनदा खाली-वर झालं. पाइपच्या तोंडाशी त्याने कायकाय आणून पसरलं होतं: वाळकं शेण, कापसाचा बोळा, संत्र्याच्या सालीचा काळा पडलेला तुकडा.

"बिळाचं दार सजवतात ती," प्रिसिला हळूच म्हणाली. "मादी आत आहे."

साल त्याच संत्र्याची, असं मी म्हणणार नाही. जवळ एक बाग अजून उरली आहे.

मागे गाडीचं दार वाजलं. आई बाहेर येऊन उभी राहिली होती, दारावर हात ठेवून. तिने क्रुसाची खूण केली नाही.

प्रिसिला दोन पावलं मागे सरली. मी टेकाडाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "छान झालंय, आपा."