राहू दे म्हणजे काय?

देवाने जीभ दिली एकाला आणि अर्थ लावायला कान दिले दुसऱ्याला. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. थोरलीच्या बाबतीत तो तिच्या डोळ्यांदेखत झाला, तरी आठ दिवस तिला पत्ता नव्हता.

सुका कचरा निवडायच्या शेडमध्ये थोरली आणि धाकटी या दोघी जावा सरकत्या पट्ट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असत, आणखी दोघी पुढच्या टोकाला. बाटल्या, डबे, कोरडा कागद एवढं उचलायचं. बाकीचं पट्ट्याच्या टोकावरून गाडीत आणि गाडीतून मागच्या खड्ड्यात. तो खड्डा आता काठोकाठ भरला होता. त्याचं काळं पाणी झिरपत झिरपत वस्तीच्या विहिरीला लागलं होतं आणि दोघींच्या घरचं पिण्याचं पाणी पिवळट झालं होतं.

अशात शेडमध्ये यंत्राचा हात आला. कोपरात वाकणारा, टोकाला रबरी चिमटा आणि वर एक काळा डोळा. मुकादमाने त्याच दिवशी सांगून टाकलं, "हात शिकला की पट्ट्यावर चौघींऐवजी तिघी. शेवटी आलेली आधी जाणार."

शेवटी आलेली धाकटी. आणि हाताला शिकवायचं काम कुणाकडे? सगळ्यांत जुनी म्हणून थोरलीकडे!

आता सांगा, या बाईने काय करावं? हात शिकला तर बायकांच्या नजरेतून सुटतं तेही उचलणार, खड्ड्यात कमी जाणार, विहीर वाचणार. हात शिकला तर धाकटी घरी बसणार. थोरली सकाळी देवापुढे हात जोडून म्हणे, "देवा, त्याला अक्कल दे." आणि चपला घालताना वळून म्हणे, "पण जरा बेतानं दे."

शिकवायची तऱ्हा सोपी होती. यंत्रासोबत आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली होती, "मावशी, मुद्दाम काही बोलू नका. रोज बोलता तसंच बोला. हात दिवसा बघेल, ऐकेल, शिकेल आणि रात्री एकटा निवडेल."

तशी थोरली बोलत राहिली. स्वच्छ बाटली दिसली की "घे", तेलकट खोकं किंवा बरबटलेला कागद दिसला की "राहू दे, राहू दे." वर्षानुवर्षं चौघी एकमेकींना हेच सांगत आल्या होत्या.

आठव्या दिवशी कागद कारखान्याची गाडी माल घेऊन गेली तशीच परत आली. यंत्राच्या हाताने निवडलेल्या सगळ्या गठ्ठ्यांत तेलकट खोकी, ओले कागद, खरकट्या ताटल्या. त्यांनी चांगला मालही नासवला होता. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, "चौघी मिळून जेवढं खड्ड्यात घालत नव्हत्या, तेवढं या एकट्यानं घातलं! आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर हात परत."

धाकटीने पट्ट्यापलीकडून डोळा मारला. "जाऊबाई, मास्तरीण म्हणून तुमची कमाल आहे."

थोरलीला हसू येईना. माझ्याच मनातलं पाप त्याच्यात उतरलं की काय? लोखंडाला मन वाचता येतं का? पण मी तर खरं तेच बोलले. की नाही बोलले?

इंजिनिअर मुलगी आपली काचेची पाटी घेऊन आली. "मावशी, मला काही उमगत नाहीये. ही यादी बघा ना. 'घे' म्हणजे घ्यायचं. 'राहू दे' म्हणजे ठेवून घ्यायचं. मी दोन्ही उचलायच्या खान्यात टाकलेत. मग चुकतंय कुठे?"

थोरलीच्या डोक्यात उजेड पडला. चूक तिच्या जिभेत नव्हती आणि लोखंडातही नव्हती. ती होती या पोरीच्या यादीत. आणि हे फक्त तिला कळलं होतं. गप्प बसलं की झालं. संध्याकाळी हात परत, धाकटीची जागा शाबूत.

ती गप्प बसली. पट्टा सरकत राहिला. समोर परत आलेले गठ्ठे गाडीत उलटे होत होते. स्वतःच्या हाताने निवडलेला कोरा कागद, कोरडे पुठ्ठे, सगळं खड्ड्याच्या वाटेला. तिला घरचा पिवळट पाण्याचा हंडा दिसला.

"अगं बाई," ती एकदम ओरडली, "राहू दे म्हणजे जाऊ दे!"

"जाऊ दे? या जावेला कुठे देताय?" धाकटी म्हणाली आणि बाकीच्या दोघी खो खो हसल्या.

"तू गप! पोरी, राहू दे म्हणजे हात लावू नको. सोड. त्याच्या नादी लागू नको."

मुलीने भराभरा यादी बदलली. हात थबकला, तेलकट खोक्यावरून पुढे गेला आणि मागची स्वच्छ बाटली अलगद उचलली.

"जमलं!" मुकादम म्हणाला. "मग एक तारखेपासून तिघी."

थोरली पुढे झाली. "तर मी जाते. ही राहील."

"तुम्ही कशा जाल? उद्या तुमच्या तोंडून आणखी काय निघेल, त्याचा अर्थ याला सांगणार कोण?" एवढं बोलून मुकादम निघून गेला.

"आणि मला न विचारता माझं ठरवायला," धाकटी भडकली, "मी काय पट्ट्यावरची बाटली आहे?"

"तुझ्यासाठीच म्हणाले गं."

"मघाशी गप्प होतात, तेही माझ्यासाठीच ना? पाहिलं मी."

"मग काय, बोलायला नको होतं?"

धाकटीने हातातली बाटली आपटली. "मला काय विचारता? पोरांना पाणी पाजताना वाटेल, बोललात ते बरं केलंत. इथे उभी आहे तर वाटतं, तुमची जीभ झडली का नाही!"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. हातमोजे इतके घाण की पुसायचीही सोय नाही. धाकटी पट्ट्याला वळसा घालून आली आणि बाहीने तिचे डोळे पुसले. जरा जोरातच पुसले.