लिंबांना पाणी बंद

मित्रांनो, नवी म्हणावी तर पोटाला तीन ठिकाणी कथलाची झाळ, आणि मोडीत काढावी तर अजून पाणी धरते, अशी मी एक पत्र्याची झारी. सात मजली इमारतीच्या गच्चीवर एक शेत आहे. तिथल्या टाकीशेजारच्या खिळ्याला मी लटकलेली असते. मला हात एकच, तोही दुसऱ्यांनी धरायचा. तरीही एका लग्नाचा विचका माझ्या हातून झाला, असंच मी मानते.

मला एका पत्रेवाल्याने घडवलं. हातोडीचे इतके ठोके खाल्ले की आठवलं तरी पोट दुखतं. विकत घेतलं ते आईंनी. तेव्हा या गच्चीवर मोडक्या खुर्च्या आणि कबुतरांची घाण याखेरीज काही नव्हतं. आई आणि बाबा दोघांनी मातीची पोती जिन्याने वर आणली, कारण लिफ्ट तेव्हाही बंदच असायची. कोथिंबीर, पालक, टोमॅटो लावले. लेक झाली त्या वर्षी सहा पिंपांत सहा लिंबं लावली. त्या लिंबांना पाणी फक्त माझ्यातून. रबरी नळीच्या जोराने माती उडते, असं आई म्हणायच्या. त्या मला उचलून म्हणायच्या, “हिच्यासारखं हलकं पाणी कुणी सोडत नाही.” खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार भाव खात असे.

तीन वर्षांपूर्वी आईंची नजर गेली. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे गेले. तरी त्या रोज वर यायच्या, पानं चाचपायच्या. लिंबं फुलली की पिंपांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायच्या. “या वासात मला सगळी गच्ची दिसते,” म्हणायच्या.

मग लेकीचं लग्न ठरलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतीची लिफ्ट नीट करायला आला आणि तीन महिने ती काही नीट होईना, तेव्हाच मला शंका आली होती. लग्न गच्चीवरच करायचं असा लेकीचा हट्ट. टाकीजवळच्या बाकावर रोज बैठका सुरू झाल्या. स्लॅब तपासणारा इंजिनिअर साठ माणसांवर एकही नको म्हणाला, ओली माती जड असते म्हणून. लेकीची मावशी म्हणाली, “मग मला धरून एकोणसाठच बोलवा, मी दोघांच्या जागी आहे.” पालकाचे खोके कुठे सरकवायचे, टेबलं कुठून चढवायची, यावर तासन्‌तास खल झाला.

त्यातच एकदा लेक बाबांना म्हणाली, “बाबा, माझं लग्न आईला दिसणार नाही. निदान लिंबं तरी फुललेली हवीत. त्याच दिवशी.”

बाबा दाढी खाजवत म्हणाले, “ताण द्यावा लागेल.”

ताण म्हणजे काय, ते सांगते. लिंबाचं पाणी तोडायचं. पानं मान टाकतात, झाड घाबरतं. मग पुन्हा भरपूर पाणी दिलं की ते अंगभर फुलतं. बाबांनी बोटांवर दिवस मोजले आणि टाकीजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘लिंबांना पाणी बंद.’ गच्चीवरचं सगळं काम त्या फळ्यावर चालतं. कामाच्या बायका येतात, फळा वाचतात, कामाला लागतात.

“आईला मात्र सांगायचं नाही हं,” लेक म्हणाली. “तिला एकदम वास येऊ दे.”

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीच्या पोटात सकाळचं बोलणं दुपारपर्यंत राहत नाही. तिने गळ्याची शपथ घेतली. आणि काय सांगू मित्रांनो, जन्मात एकदाच तिने गुपित पाळलं, तेही नको तेव्हा!

बाराव्या दिवशी दुपारी सगळे खाली जेवायला गेले. आई भिंत धरत वर आल्या. पहिल्या लिंबाचं पान त्यांनी दोन बोटांत धरलं आणि त्या जागीच थांबल्या.

“अगं बाई! हा तर कागद झालाय.”

सहाही झाडं चाचपून झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “लग्नाच्या गडबडीत तुमच्याकडे कोण बघणार,” असं त्या झाडांना म्हणाल्या. मग माझ्याकडे आल्या. ‘पाणी बंद’ लिहिलेल्या फळ्याला त्यांचा खांदा घासला. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, टाकीच्या नळाखाली धरलं. “ह्यांना बोलायला नको. आधीच किती धावपळ करतायत. आपल्या दोघींतच राहू दे.”

मला ओरडावंसं वाटलं. निदान तळ फुटावा, सगळं पाणी आईंच्या पायावर सांडावं, असं वाटलं. पण बाबांनी माझी भोकं इतकी चांगली झाळून बुजवली होती की थेंब गळेना. पिंपांवरचा वाळका पाला आईंनी बाजूला केला, माझं पाणी हलकेच सोडलं आणि पाला पुन्हा नीट पसरला. नंतर त्या रोज दुपारी आल्या.

बाबा पानं बघून चक्रावले. “काय चिवट झाडं आहेत! मान टाकली होती, पुन्हा ताठ झाली.” एरवी मातीत बोट घातल्याशिवाय न हलणारा माणूस, पण टेबलं आणि खुर्च्यांच्या नादात तेवढंच राहून गेलं. ठरल्या दिवशी त्यांनी लिंबांना भरपूर पाणी दिलं. मग लेक रोज सकाळी फांदी न्‌ फांदी बघायची. कोवळी पालवी आली. कळी एकही आली नाही.

“माझंच गणित चुकलं गं,” बाबा म्हणाले. तिने मान हलवली, पण रडू तिला आवरलं नाही.

लग्नाच्या दिवशी लिफ्ट चालली, साठच माणसं आली. आईंची खुर्ची ठरल्याप्रमाणे लिंबांच्या मधोमध होती. लेक नव्या कपड्यांत येऊन त्यांच्या पायाशी बसली. आईंनी तिचा चेहरा चाचपला, मग वर हात करून एक पान धरलं आणि हसल्या.

“लिंबं कशी दिसतायत गं? अगं, वाळायला टेकली होती. तुम्हा कुणाचं लक्ष नव्हतं. मी रोज गुपचूप पाणी घातलं. म्हटलं, माझ्या लेकीच्या लग्नात वाळकी झाडं नकोत.”

बाबा शेजारीच उभे होते. बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. मावशीने तोंडाला पदर लावला.

“हो आई,” लेक म्हणाली. “हिरवीगार आहेत. तुझ्यामुळेच.”

आईंचा चेहरा असा खुलला की कुणाला दुसरं काही बोलवेना.

आता लेक तिच्या घरी असते. इथे आई रोज दुपारी वर येतात आणि न चुकता लिंबांना पाणी घालतात. बाबांना त्यांना थांबवता येत नाही. थांबवायचं तर का ते सांगावं लागेल. त्यामुळे झाडांना ताण मिळत नाही आणि बहर काही येत नाही. कुठे एखादं फूल दिसतं, तेवढंच.

मागच्या आठवड्यात आई म्हणाल्या, “अहो, हल्ली लिंबांचा वास कसा येत नाही? माझं नाकही गेलं की काय?”

बाबांच्या हातात नळी होती. पाणी कोथिंबिरीवरून वाहून चाललं तरी त्यांना कळलं नाही. “येईल,” एवढंच म्हणाले.

मित्रांनो, मला नीट ठेवा, गंजू देऊ नका, हे तर मी सांगणारच. झारी आहे मी. पण त्याआधी एक ऐका. ज्याच्यासाठी काही करताय, त्याला ते सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा. उद्या दुपारी आई येतील, मला भरतील आणि मी पुन्हा पाणी सोडीन. मला दुसरं काही येत नाही. तुम्हाला बोलता येतं.