निवा वाकला नाही

बेल वाजली तेव्हा निवा कोहेई नुकताच इस्पितळातून, आपला जोडीदार चालक कागामी युजुरुला बघून, घरी परतला होता. दार उघडलं, तर समोर युजुरुची आई. अंगावर काळा कोट, हातात जांभळ्या कापडात बांधलेला योकानच्या गोड वड्यांचा डबा, आणि चेहरा असा, की जणू हिच्याच हातून कुणाचा जीव गेलाय.

ती आत आलीच नाही. दारातच, जोडे काढायच्या जागी, गुडघे टेकून ती वाकली. कपाळ पार फरशीला लागलं.

"निवासान, आमच्या युजुरुनं तुमची गाडी मोडली. तुमचं अख्खं वर्ष मातीत घातलं. आई म्हणून मी माफी मागायला आलेय."

निवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठा. अहो, उठा म्हणतोय ना! कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही हो. टीमचे मुख्य, कांतोकू, इस्पितळात आले होते. फार मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, पोरगा चुकला, पण टीम त्याला वाऱ्यावर सोडायची नाही. फक्त सगळ्यांसमोर एकदा माफी मागून टाका म्हणाले."

निवाची बायको चिसातो धावत आली. तिनं म्हातारीला उठवलं, आत नेऊन चहा दिला. निवा मात्र मागच्या दारानं बाहेर गेला आणि कुंपणाशी टेकवलेल्या जुन्या टायरवर लाथा घालत राहिला. आतून म्हातारीचा आवाज येतच होता, "माफ करा, खरंच माफ करा," आणि दर माफीला त्याची एक लाथ.

कारण चूक कोणाची होती हे त्याला ठाऊक होतं.

त्या रविवारी फुजीच्या सर्किटवर शर्यतीचा पहिला अर्धा भाग निवानं चालवला होता. एक गाडी, दोन चालक, अर्ध्यावर अदलाबदल. सरळ रस्ता संपतो तिथं, गाडी अगदी उडायच्या बेतात असताना, एकदा त्याच्या पायाखालचं ब्रेकचं पॅडल मऊ लागलं. पुढच्या फेरीला पुन्हा. त्यानं लगेच रेडिओवर सांगितलं, "ब्रेक गेल्यात जमा आहे. बघून घ्या." अदलाबदलीसाठी पिटमध्ये उतरल्यावर हेल्मेट न काढताच तो ओकिशिमाकडे गेला. ओकिशिमा म्हणजेच टीमचा कांतोकू, सर्वेसर्वा.

"कांतोकू, गाडी थांबवा. पॅडल तळाला जातंय."

"तापलेत, होतील थंड," ओकिशिमा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तिसरे आहोत आपण. आता गाडी आत घेऊन काय पाहुण्यांना दाखवू?"

पाहुणे वरच्या मजल्यावर काचेआड बसले होते. गाडीच्या दारावर ज्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, ती कंपनी ब्रेकच बनवायची.

तोवर युजुरु गाडीत बसलाही होता. पहिल्याच फेरीला, त्याच वळणावर, गाडी न वळता थेट भिंतीत गेली. दोन्ही पाय मोडले, कंबर दुखावली. मदतीला आलेल्यांनी छत कापून त्याला बाहेर काढलं, आणि संध्याकाळी टीमनं छापील कागद वाटला: चालकाच्या अंदाजातील चूक.

निवा अडतीस वर्षांचा होता. बापाच्या भंगाराच्या दुकानामागे कार्टची बुटकी गाडी चालवत वाढलेला. विशीत इटलीला गेला, दोन वर्षं छोट्या फॉर्म्युला गाड्या चालवल्या, एक शर्यत जिंकलाही. मग प्रायोजकानं हात वर केले आणि तो रिकाम्या हातानं परत आला. त्या वेळी कोणी दारात उभं करेना. एका ओकिशिमानंच विचारलं होतं, "जेवलास का? चल." त्याच रात्री रामेनच्या दुकानात त्यानं निवाला शर्यतीची गाडी चालवायला दिली. तेव्हापासून निवा त्याच टीममध्ये. दोनदा विजेतेपद मिळवून दिलं. ओकिशिमा त्याच्या लग्नात बापाच्या जागी बसला होता. म्हणून तर राग असा गिळता येत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला. मोडकी गाडी ताडपत्रीखाली होती. ओकिशिमा ऑफिसात एकटाच बसला होता.

"कांतोकू, त्या बाईला माझ्या दारात लोळायला लावलंत?"

"मी नाही सांगितलं तिला तुझ्याकडे जा म्हणून."

"माफी मागा म्हणालात ना? कशाची माफी? मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"आवाज खाली." ओकिशिमानं चष्मा काढून डोळे चोळले. "ऐक. कंपनी गेली तर टीम गेली. बाहेर जी माणसं गाड्यांखाली आडवी पडलीत ना, त्यांची पोरं शाळेत जातात. युजुरु तरुण आहे, चूक केली म्हणाला तर लोक विसरतील. कंपनी त्याच्या इलाजाचं सगळं बघणार आहे. परवा गोतेम्बाच्या हॉटेलात पत्रकार बोलावलेत. तो चाकाच्या खुर्चीत येईल, मी वाकेन, तू माझ्या शेजारी वाकशील. दहा सेकंद मान खाली घालायची. इतकंच."

"आणि माझं रेडिओवरचं बोलणं?"

"त्या दिवशी रेडिओ नीट चालत नव्हता," ओकिशिमा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं नजर चुकवली.

निवानं टेबलावरचा चहाचा पेला उचलला. फेकेल असं वाटलं. पण त्यानं तो परत ठेवला, इतक्या हळू की आवाजसुद्धा झाला नाही. ओकिशिमाला त्याचीच जास्त भीती वाटली.

हॉटेलच्या त्या खोलीत दिव्यांचा लखलखाट होता. युजुरु खुर्चीत, मांड्यांवर पांघरूण, चेहरा पिठासारखा. त्याची आई भिंतीशी उभी. कंपनीचे दोघेजण, ओकिशिमा, आणि टोकाला निवा. ओकिशिमा म्हणाला, "आमच्या चालकाच्या चुकीमुळे सगळ्यांना जो त्रास झाला..." आणि सगळे एकदम कमरेतून वाकले. युजुरुनंही बसल्या जागी मान खाली घातली. कॅमेरे गारांसारखे तडतडले.

निवा ताठ उभा होता.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग कॅमेरे हळूहळू त्याच्याकडे वळले. ओकिशिमा वाकल्या वाकल्याच दातांतून पुटपुटला, "कोहेई. वाक."

"नाही वाकणार."

"निवासान, आपण का वाकत नाही?" पत्रकारांतून कुणीतरी विचारलं.

"कारण याची काही चूक नाही!" निवाचा आवाज खोलीभर फुटला. "ब्रेक जात होते. मी रेडिओवर सांगितलं, खाली उतरून तोंडावर सांगितलं. यांनी तरी याला पाठवला. याचे पाय मोडले आणि माफीही यानंच मागायची? त्याच्या आईनं माझ्या फरशीवर कपाळ टेकवलं! लाज वाटत नाही तुम्हाला? माफी मागायचीय ना, मग तिकडे तोंड करून मागा, त्या खुर्चीकडे!"

कंपनीची माणसं मागच्या दारानं निघून गेली. ओकिशिमा मात्र वाकलेलाच राहिला, बराच वेळ. तो लाजेनं वाकला होता की वर बघायची हिंमत नव्हती, हे निवाला कधीच कळलं नाही.

निवाला वाटलं होतं, निदान युजुरु तरी मोकळा होईल. संध्याकाळी तो इस्पितळात गेला. युजुरुनं भिंतीकडे तोंड केलेलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला?"

"युजुरु, अरे ते तुला..."

"मी कबूल झालो होतो! पाय बरे झाले की पुन्हा गाडी देणार होते. शब्द दिला होता. आता कोण देईल? सगळे म्हणतील, हा तोच, भानगडवाला. तुमचं सगळं चालवून झालंय, निवासान. मी चोवीस वर्षांचा आहे." मग तो ओरडलाच, "आणि एवढंच माहीत होतं तर गाडीसमोर का नाही आडवे झालात? मला का बसू दिलंत?"

तोंडात मारल्यासारखा निवा निघून आला. घरी चिसातोनं जेवण वाढलं, तर म्हणाला, "त्याचं बरोबर आहे." आणि ताट तसंच ठेवून उठला.

कंपनीनं टीम सोडली. ओकिशिमा नव्या वर्षी दुसरा प्रायोजक घेऊन पुन्हा उभा राहिला, आणि जिंकलाही. निवाला कोणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त फोन बंद झाले. भेटतील तिथं लोक हसून म्हणायचे, "यंदा जागा भरल्यात हो." तो नुमाझूच्या ड्रायव्हिंग शाळेत शिकवायला लागला. शेजारी पन्नाशीच्या बाया बसायच्या आणि तो खेकसायचा, "दाबा! पाय मोडत नाही त्यानं!" मग स्वतःच गप्प व्हायचा. टीव्हीवर शर्यत लागली की चिसातो मुकाट्यानं बंद करायची.

युजुरुचा फोन आला तो तिसऱ्या वर्षीच्या शरदात. इतक्या दिवसांत एक शब्द नाही, आणि आता थेट भांडणच.

"निवासान, तुमच्यामुळे माझा तिसरा नंबर गेला आज."

"म्हणजे? तू चालवतोयस?"

"ओकायामाला. छोट्या गटात. एका गॅरेजवाल्याची टीम आहे, म्हातारा स्वतःच गाड्या दुरुस्त करतो. पायात लोखंड आहे, पण चालतं. तिसरा होतो. पॅडल जरा मऊ वाटलं आणि आलो आत, उतरलो खाली. त्यांनी सगळं खोलून बघितलं. काहीही झालेलं नव्हतं ब्रेकला! ठणठणीत! माझ्याच डोक्यातलं भूत."

"मग म्हातारा चिडला असेल."

"नाही ना," युजुरु म्हणाला, आणि आवाज फाटला. "रेडिओवर सांगितलं, तर म्हणाला, शंका आहे ना, मग ये आत. बस. एवढंच. नंतर भाजीबाजाराचं बोलावं तसं म्हणाला, पुढच्या वेळी बघू. निवासान, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. हॉटेलवर येऊन खुर्ची फोडली मी. इतकं सोपं होतं ते? दोन शब्दांचं काम होतं?"

"हो," निवा म्हणाला. "दोन शब्दांचं."

"हरामखोर," युजुरु म्हणाला.

"हरामखोर," निवा म्हणाला.

मग दोघांनी मिळून ओकिशिमाला मनसोक्त शिव्या घातल्या. चिसातो स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली, पण जेवायला चला म्हणाली नाही.