मीटरवाल्या दानीएलची साक्ष

“कुणाची साक्ष आहे का?” पाळकांनी विचारलं आणि हेलनच्या शेजारी बसलेले पप्पा उठून उभे राहिले.

“बसा ना, पप्पा,” हेलन पुटपुटली. तिनं त्यांच्या सदऱ्याची कड धरली होती. ते बसले नाहीत.

रविवारच्या उपासनेत साक्षीसाठी पाच-दहा मिनिटं राखलेली असत. आठवडाभरात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते ज्याला वाटेल त्यानं उठून सांगायचं. कुणी अपघातातून वाचलेला असे, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असे. हेलनचे पप्पा, दानीएल, मात्र भलतंच सांगत. वीज कंपनीत तेहेतीस वर्षं त्यांनी घरोघर हिंडून मीटर वाचले होते आणि या हिंडण्यात त्यांना रोज काही ना काही सापडे. निवृत्तीनंतरही सापडायचं थांबलं नाही. पालीच्या अंड्यावर मागून बॅटरी मारली की आतलं पिल्लू दिसतं. मोबाईल रिकाम्या पेल्यात ठेवला की गाणं खोलीभर ऐकू येतं. सावेडीतल्या एका बंगल्याचं कुत्रं फक्त हेल्मेट घातलेल्या माणसावर भुंकतं. मंडळी हसत. आणि सोमवारी निम्म्या घरांत मोबाईल पेल्यात असत.

आज मात्र कुणी हसायच्या तयारीत नव्हतं. दानीएलच्या घशातली गाठ साधी नाही, मंगळवारी ऑपरेशन आहे, त्यात स्वरयंत्र काढावं लागणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“परवा लाईट गेली होती,” दानीएल म्हणाले. आवाज खरखरीत, फाटका झाला होता. “मी न्हाणीत होतो. अंधार. नळ चालू—”

पाळक पुढं आले. त्यांचे डोळे भरून आले होते. “दानीएलभाऊ, तुम्ही त्रास घेऊ नका. आम्हाला कळतंय. मंडळी, या, सगळे पुढे या. आपण भावासाठी प्रार्थना करू.”

मंडळी आली. कुणी डोक्यावर, कुणी खांद्यावर हात ठेवला. एकामागून एक प्रार्थना झाल्या, मोठ्यानं, कळवळून. तो सगळा वेळ दानीएल मान खाली घालून मध्ये उभे होते. शेवटचं ‘आमेन’ झालं तेव्हा उपासनेची वेळ कधीच उलटून गेली होती.

घरी परतताना रिक्षात ते म्हणाले, “अगं, मी काय सांगत होतो—”

“पप्पा, प्लीज. घशाला ताण नको.”

हे तिनं गेल्या तीन आठवड्यांत कितीदा म्हटलं असेल, याची मोजदाद नव्हती. डॉक्टर एकदा एवढंच म्हणाले होते, “फार ओरडून बोलू नका.” हेलननं त्याचा कायदा केला होता. वही-पेन त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. फोन आला की ती उचले. शेजारचे भेटायला आले की तीच उत्तरं देई. रोज संध्याकाळी चहाबरोबर ते “आज काय सापडलं माहितीय का” असं सुरू करत, तेव्हा ती वही पुढे सरकवी. त्यांनी वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. “लिहिण्यासारखं नाही ते,” एवढंच म्हणाले होते.

तिला भीती वाटत होती. पहाटे उठून ती त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राही आणि श्वास ऐकू आला की परत फिरे. शाळेत फळ्यावर लिहिताना हात मध्येच थांबे. आवाज गेला की माणूस किती उरतो, हा प्रश्न तिला कुणाला विचारता येत नव्हता. मग ती निदान आवाज जपत होती. जो मंगळवारी जायचाच आहे, तो ती मंगळवारपर्यंत जपत होती, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला ते दवाखान्यातल्या खाटेवर हिरवा गाऊन घालून बसले होते. तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, अशी पाटी उशाशी लावली होती. समोरच्या खाटेवर सोपान नावाचा पाथर्डीकडचा माणूस होता. त्याचं हेच ऑपरेशन बारा दिवसांपूर्वी झालं होतं. मानेला पांढरी पट्टी, मधोमध भोक, त्यातून श्वास सूं सूं येत-जात होता. हेलन त्या बाजूला बघतच नव्हती. आदल्या दिवसापासून तिनं त्या खाटेकडे पाठ करूनच सगळी कामं केली होती.

सोपानची बायको भिमाबाई दोघांच्या वाटचं बोलत असे. “दर साली ऊस तोडाया जातो आमी. कोयत्याची जोडी आमची. ह्ये मुकादमाशी भांडायचे अन् मी गप ऱ्हायची. आता मला भांडावं लागंल, व्हय का न्हाई वो?” सोपाननं मान हलवली.

नर्सनं सह्यांसाठी हेलनला खाली बोलावलं. चार कागद, चार ठिकाणी नाव, ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात चार वेळा ‘मुलगी’. चौथ्या वेळी अक्षर वाकडं आलं. ती जिन्यानं वर आली आणि वॉर्डच्या दाराशीच थबकली.

पप्पा बोलत होते.

“...तर अंधारात बादली दिसेना. पण ऐकू येत होतं. आधी भदभद, जाड आवाज. मग पाणी चढत गेलं तसा आवाज बारीक होत गेला. अगदी बारीक झाला तेव्हा मी नळ बंद केला. हात घालून बघितलं, तर काठोकाठ! एक थेंब सांडला नाही.”

“अवो दादा,” भिमाबाई म्हणाली, “ह्ये तर आमच्याकडं शेंबड्या पोरींला ठावं हाय. टँकर आला का हंडा असाच भरायचा. पान्याकडं बगतंय कोन, दुसरीनं नंबर मोडू नये म्हनून तिच्याकडं बगायचं!”

दानीएल हसले. हसताना खोकला आला. हेलन एक पाऊल पुढं आली. ‘पप्पा’ हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात तिला सोपान दिसला. पहिल्यांदाच नीट दिसला. त्याचे खांदे गदगदत होते. पट्टीतून सूं सूं वाढलं होतं, पण डोळ्यांच्या कडेला पाणी होतं आणि तोंड उघडं होतं. तो हसत होता.

हेलन तिथंच उभी राहिली.

“बघा,” दानीएल म्हणाले, “मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.”

“मग आनखी एक सांगू का? गरम पानी वतताना येगळं वाजतं अन् गार येगळं.”

“काहीतरीच.”

“काहीतरी न्हाई. गाराचा आवाज कसा टनटनीत. गरमाचा मऊ. डोळं झाका, दावते.”

“मला पाणी बंद आहे, भिमाबाई.”

“प्याया बंद हाय. आयकाया न्हाई!”

तिनं थर्मासमधलं पाणी एका पेल्यात ओतलं, मग बाटलीतलं दुसऱ्यात. दानीएलनी मान तिरकी केली, जुन्या घरांत मीटर फिरतोय का ते ऐकायला करत तशी. “पुन्हा,” ते म्हणाले. तिनं पुन्हा ओतलं. “अरे! खरंच की. खरंच वेगळं वाजतं!” त्यांचा फाटका आवाज वॉर्डभर गेला. दोन खाटांपलीकडचा माणूस उठून बसला.

“आता न बगता वळखा,” भिमाबाई म्हणाली. “आमचे मालक पंच.”

सोपाननं बोट वर केलं.

लिफ्टकडून चाकांचा आवाज आला. वॉर्डबॉय करण रिकामं स्ट्रेचर घेऊन दाराशी आला. हातात कागद होता. “दानीएल—” त्यानं नाव वाचायला सुरुवात केली.

हेलननं स्ट्रेचरची दांडी धरली, आधाराला धरली की अडवायला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“दोन मिनिटं थांबा,” ती म्हणाली. “ते बोलतायत.”

“मॅडम, वर डॉक्टर वाट बघतायत.”

“बघू देत.”

करणनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कागद खिशात ठेवला.

आत दानीएलनी डोळे मिटले. दारात हेलननंही मिटले. पाणी ओतल्याचा आवाज आला. तो कसा होता, हे तिला कळलं नाही. ती त्याच्या नंतरच्या आवाजासाठी कान देऊन उभी होती.

“गरम,” पप्पा म्हणाले.