रांजणातलं कृष्णविवर

बोरी अरबच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा माणसांचीच दाटी. बाया कापूस वेचून थेट आलेल्या. लुगड्यांना, केसांना, बोटांना कापूस चिकटलेला. मधोमध व्योमानंद महाराज आणि त्यांचा काळाकुट्ट रांजण.

"हा रांजण नोहे, मायबाई, कृष्णविवर हाय! मोठमोठे शास्त्रज्ञ दुर्बिणीतून पाह्यतात, ते म्या मंत्रानं बांधून आणलं. आत गेलेलं सोनं माह्याच शब्दानं परत येते, अन् साडेसाती तिथंच ठेवून येते! जवळ येऊ नका, ओढून घेईल."

एकीनं अंगठी टाकली. महाराजांनी रांजण कलता करून लांबूनच दाखवला. रिकामा! मंत्र पुटपुटून हात घातला, तर अंगठी हजर. जयजयकार झाला.

मग कांतानं गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी काढली, आणि विमलताईच्या काळजात काटा रुतला. सासूनं, आत्याबाईनं, मरताना थोरल्या सुनेला, विमलला, डावलून ती या धाकटीच्या गळ्यात घातली होती. घरातलं जातं कधीच अडगळीत गेलं, पण विमल तेव्हापासून मनातल्या मनात दळत होती:

*दोघी जावा जावा, एका चुलीच्या राखणी*
*एकीच्या गळा सोनं, दुसरीच्या डोळा पाणी*

एकदाणी आत पडली. महाराजांनी हात घातला, रिकामाच काढला.

"गेली, माय! विज्ञानच सांगते ना, कृष्णविवरातून काही सुटत नाही. तुह्या श्रद्धेत खोट हाय."

कांता मटकन खाली बसली. "बाई व, आत्याबाईची निशाणी..."

विमलताईला आधी गोडच वाटलं. खोटं कशाला बोला? पण ज्या मण्यांवर इतकी वर्षं नजर जळली, ते असे नुसते नाहीसे कसे होतील? सगळे कांताकडे बघत होते. विमल सरळ जाऊन रांजणावर वाकली. आत अंधार. आणि त्या अंधारात, तळापासून वीतभर वर, पांढऱ्या कापसाचा पुंजका. एकदाणीसोबत गेलेला, कांताच्या बोटांचाच.

"महाराज, हा कापूस अधांतरी काहून लटकून राह्यला?"

"दूर हो! गिळून टाकेल तुले!"

"गिळू द्या. सैपाकातून तरी सुटका."

गर्दी हसली. विमलनं कोपरापर्यंत हात घातला आणि आत टांगलेली काळ्या मखमलीची झोळी ओढून काढली. एकदाणी त्यातच! रांजण आतून काजळीनं माखलेला, काळ्यावर काळं दिसणार कसं? लहानसहान चीज झोळीतून काढून द्यायची, घसघशीत दागिना तिथंच ठेवायचा. फक्त मखमलीला कापूस चिकटतो, एवढं महाराजांना ठाऊक नव्हतं. कापसाच्या मुलखात येऊन! ते पळू लागले, तर भाजीवाल्यांनी धोतराचा सोगा धरला.

"सुटा आता विवरातून!"

बारावीत शिकणारी विमलची लेक खुशी म्हणाली, "आई, खऱ्या कृष्णविवराच्या हद्दीत गेलेला उजेडही परत येत नाही. बारीकशी ऊब तेवढी त्यातून झिरपत असावी, असं गणित म्हणते. पण ते अजून कोनीच पाह्यलं नाही, अन् शास्त्रज्ञ तसं कबूलही करतात."

एकदाणी विमलच्या मुठीत होती. मूठ क्षणभर घट्ट मिटली. कांतानं हात पुढे केला नाही.

"मान इकडं कर, कांते. जळते मी अजून तुह्यावर. पण चोराच्या झोळीतलं मले नाही पाह्यजे."

एकदाणी धाकटीच्या गळ्यात घालून ती बायांकडे वळली.

"मी हेव्यानं वाकली, म्हणून दिसलं. तुमी कशानंही वाका, बायांनो, पण हात जोडायच्या आधी एकदा वाकून पाहा."